पडद्याच्या दोरापासून शिडाच्या दोरापर्यंत: पुण्याच्या नटांसाठी सोमवार ते शुक्रवार

मराठी नाटकाचे प्रयोग शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत दाटलेले असतात. शिडाच्या होडीची ओढ लागलेल्या नटाला मोकळे मिळतात ते आठवड्याच्या सुरुवातीचे चार दिवस. पुढचा प्रवास त्याच हिशेबाने आखलेला आहे. एक दिवस नाट्यगृहात, एक खडकवासल्याच्या पाण्यावर, एक रस्त्यात, एक जंजिऱ्याच्या समुद्रात आणि शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा रंगमंचावर.

काळ फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च. डिसेंबर-जानेवारीत धरण भरलेलं असतं, पण पुण्यात वारा पडलेला असतो. मे महिन्यात दुपारचा पश्चिमेचा वारा जोमदार, मात्र पाणी इतकं उतरतं की होडी चिखलातून ओढत न्यावी लागते. मधल्या काळात दोन्ही बेताचं मिळतं. जून ते ऑगस्ट हा विचारच करू नये. समुद्र खवळलेला असतो, जंजिऱ्याची वाहतूक बंद असते आणि १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते.

सोमवार: नाट्यगृहात

सुरुवात पाण्यावर करायची नाही. हातओढीचे पडदे असलेलं एखादं नाट्यगृह किंवा तालमीची जागा सकाळी दोन-तीन तासांसाठी मिळवावी. बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन २६ जून १९६८ ला झालं, ते मुठेच्या काठावर. आणि मंगळवारी होडी सोडायची तीही मुठेच्याच अडवलेल्या पाण्यात. पुण्यातल्या पुष्कळ नटांची सुरुवात विंगेतून होते. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेत कॉलेजच्या संघासाठी पडदा ओढलेला, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे चौथरे उचललेला, दिवे टांगलेला मुलगा पुढे व्यावसायिक रंगभूमीवर उभा राहतो. त्या मुलाच्या हातात दोर आधीच मुरलेला असतो. आमच्या मते नट हा अर्धा खलाशी असतो तो याच कारणाने, आणि उरलेला अर्धा शिकताना त्याला सर्वांत जास्त अडवतो तोही हाच मुरलेला हात.

पडद्याची रचना बघा. आडव्या बॅटनला, म्हणजे पडदा टांगायच्या दांड्याला, तीन-चार जागी दोर, प्रत्येक दोर छतातल्या पुलीवरून एका बाजूला आणलेला, तिथून सगळे एकत्र खाली, आणि खाली खुंट्यांच्या पट्टीवर आवळलेले. शिडाच्या जहाजावर डोलकाठीच्या पायथ्याशी नेमकी हीच खुंट्यांची पट्टी असते. युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत पडदे चढवायला-उतरवायला खलाशी लावत असत असं सांगितलं जातं, आणि रंगमंचावर शीळ घालू नये ही तिथली समजूतही त्यांच्याशी जोडली जाते. जहाजावर इशारे शिटीने देत. कोणी गंमत म्हणून शीळ घातली तर वरून बॅटन डोक्यात यायचं.

सकाळचं काम चार गाठींचं. आठाची गाठ: दोराच्या टोकाशी, तो पुलीतून निसटून जाऊ नये म्हणून. बोलाईन: न सरकणारा फास, ताण कितीही आला तरी नंतर सुटणारा. क्लोव्ह हिच आणि वर दोन अर्धे फेरे: बॅटनला झालर बांधणाऱ्याला ही येतच असते. चौथी क्लीटवरची, म्हणजे दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीवरची: आधी तळाशी एक पूर्ण वळसा, मग दोन वेळा आठाचा आकार, शेवटच्या आठात दोर उलटा पिळून अडकवायचा. पूर्ण वळसा विसरला की सगळा ताण शेवटच्या पिळावर येतो आणि तो असा आवळतो की सुरीच काढावी लागते. प्रत्येक गाठ डोळे मिटून बांधता आली की पुरे. ब्लॅकआऊटमध्ये काम केलेल्यांना हे पटकन जमतं.

आता मुरलेल्या हाताचा धोका. विंगेतली शिस्त अशी की पडदा नेमक्या उंचीवर आला की दोर आवळून बांधायचा आणि पुढच्या कामाला लागायचं. होडीत शीड वर चढवणारा दोर, म्हणजे हॅलियार्ड, असाच बांधतात. पण शिडाचा कोन ठरवणारा दोर, म्हणजे शीट, वेगळा. मोठ्या शिडाची शीट, म्हणजे मेनशीट, लहान होडीत कधीही बांधायची नाही. ती हातातच राहते. झोत आला की मेनशीट सोडली तरच शिडातला वारा सांडतो. बांधलेली असेल तर होडी दोन सेकंदांत आडवी होते. नाटकवाल्यांची होडी या एका सवयीने सहज उलटते. म्हणून सोमवारीच खुर्चीच्या पाठीतून दोर ओवून तासभर सराव करावा: एकाने ओढ द्यायची, दुसऱ्याने धरायचं, सोडायचं, पुन्हा खेचायचं, पण गुंडाळायचं नाही. हाताभोवती वेढा घेणं तर त्याहून वाईट, कारण तळहात त्यात सापडतो.

नाट्यगृहातला सुती दोर होडीवर आणू नये. तो भिजला की फुगतो आणि गाठ सुटत नाही. नायलॉन ताणतो, म्हणून नांगराला चांगला आणि हॅलियार्डला वाईट. पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, पण निसरडा असतो आणि उन्हात कुजतो. शिडाच्या कामाला पॉलिस्टर: शीटसाठी ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे मुठीत बसेल असा, हॅलियार्डला ५-६ मिलिमीटर पुरतो.

संध्याकाळी सामान भरायचं. बोटं कापलेले हातमोजे, कारण तळव्यावर आलेले फोड पॅनकेकच्या रंगभूषेखाली लपत नाहीत आणि शुक्रवारी हातात तलवार किंवा कपबशी धरायची असते. पूर्ण बाह्यांचा, बंद गळ्याचा घट्ट शर्ट. जीवरक्षक जाकिटाच्या कडेने गळ्याखाली उन्हाचा पट्टा पडला की तो दोन आठवडे जात नाही, आणि पेशवाई अंगरख्यातून तो प्रेक्षकांना दिसतो. चष्म्याला दोरी. तळ मऊ आणि पकड असलेले बूट, चपला नकोत.

मंगळवार: खडकवासला

सिंहगड रस्त्याने सकाळी सातच्या आत धरणावर पोचावं. नऊनंतर त्या रस्त्यावरची गर्दी वेळ खाते. हे धरण १८७९ चं, पानशेत फुटलं त्या १२ जुलै १९६१ ला तेही फुटलं आणि नंतर पुन्हा उभं राहिलं. पाणी शहराच्या पिण्याचं आहे, एका काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द आहे. त्यामुळे कुठूनही होडी घुसवायची नाही. परवानगी असलेल्या प्रशिक्षण केंद्रातून, प्रशिक्षक आणि मागे मोटरबोट असेल तेव्हाच उतरायचं. प्रबोधिनीच्या बाजूला चुकूनही वाहवत जाऊ नये, म्हणून वारा त्या दिशेला लोटत असेल तर हद्द आधीच ठरवून घ्यावी.

दोघांसाठी एंटरप्राइज ही जातीची होडी चांगली. १९५६ ची रचना, लांबी ४.०४ मीटर, निळी शिडं, पुढे जिब नावाचं लहान शीड आणि मागे मोठं शीड. एकट्याची लेझर नटांना मोहवते, पण पहिल्या दिवशी ती घेऊ नये. दोघांची होडी शिकवते ती गोष्ट रंगमंचावरच्या समोरच्या नटासारखीच आहे: दुसऱ्याचं वजन कुठे आहे याचं भान.

सकाळी पाणी आरशासारखं असतं. ही वेळ जुळवाजुळवीची आणि उलटण्याच्या सरावाची. क्रम असा. होडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची. तळाच्या भोकातलं बूच आधी बसवायचं. हे विसरून पाण्यात गेलेली होडी अर्ध्या तासात जड होते आणि वळेनाशी होते. मग जिब पुढे अडकवून वर. मोठ्या शिडाच्या खिशांत पट्ट्या घालायच्या, तळाची कड बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीला, वरचं टोक हॅलियार्डला. हॅलियार्ड ओढण्याआधी डोळ्यांनी वरपर्यंत बघायचं की तो कशाभोवती गुंडाळला गेलेला नाही ना. बूम वर उचलली जाऊ नये म्हणून तिला खाली खेचणारी पट्टी आवळायची. सुकाणू बसवल्यावर त्याची अडकण बसली का ते हाताने वर ओढून तपासायचं. ती उघडी राहिली तर होडी उलटताच सुकाणू गळून पडतं. शेवटी प्रत्येक शीटच्या टोकाला आठाची गाठ. होडी वाऱ्याकडेच तोंड करून असल्याने शिडं फडफडत राहतात, त्यात ओढ नसते. तिरकी झाली की ती काठावरच चालू पडते आणि बूम कोणाच्या तरी कानशिलात बसते.

उलटण्याचा सराव छातीभर पाण्यापलीकडे, जाकीट घालून. छोट्या होडीत ५० न्यूटनचं तरंगसाहाय्य चालतं, पण ते पोहता येणाऱ्यांसाठीच असतं. पोहता न येणाऱ्याला तोंड वर ठेवणारं, १०० किंवा त्याहून जास्त न्यूटनचं जाकीट हवं. उलटल्यावर पहिलं काम एकमेकांना नावाने हाक मारणं. दुसरं, होडी सोडायची नाही, काठ कितीही जवळ वाटला तरी. मग सुकाणूवाला मेनशीट धरून मागून फेरी घेत तळाशी जातो आणि बाहेर आलेल्या सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून खाली निघणाऱ्या फळीवर, लोंबकळतो. दुसरा होडीच्या पोटात, आडव्या पडलेल्या बैठकीलगत तरंगतो आणि जिबचा दोर पलीकडे फेकतो. सुकाणूवाला तो धरून बोर्डवर उभा राहतो आणि मागे झुकतो. शीटा मोकळ्या असल्या पाहिजेत, नाहीतर शिडात साठलेलं पाणी उचलतच नाही, किंवा होडी उठते ती चालू लागते आणि दुसऱ्या बाजूला पडते. होडी सरळ होताना पोटातला माणूस आपोआप आत उचलला जातो आणि त्याचं वजन तिला स्थिर करतं. मग पाणी उपसायचं. दोघंही एकदम सेंटरबोर्डवर गेले की होडी उठते खरी, पण आत कोणी नसल्याने पुन्हा कलंडते. उथळ जागी आणखी एक त्रास: होडी पूर्ण पालथी झाली तर डोलकाठीचं टोक गाळात रुततं. तेव्हा जोर लावला तर काठी वाकते. मोटरबोटीने होडी आली त्याच दिशेला सावकाश ओढून काढणं हाच मार्ग.

जेवण हलकं, कडेला सावलीत. दोनच्या सुमारास पश्चिमेकडून पाण्यावर बारीक सुरकुत्या येतात, तीनपर्यंत वारा धरतो. ताशी १२ ते १९ किलोमीटरचा वारा शिकाऊ माणसाला पुरेसा. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे दिसू लागले की वारा २० च्या पुढे गेला, नवख्यांनी काठाला यावं. सिंहगडाच्या बाजूच्या डोंगरांमुळे इथे वारा तुटक असतो. झोत येतो तो आधी पाण्यावर काळसर डागासारखा दिसतो आणि सरकत जवळ येतो. तो होडीला भिडायच्या आतच शीट ढिली करायची तयारी हवी.

होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो. तिकडे जायचं तर नागमोडी, डावीकडे-उजवीकडे वळणं घेत. वळण घेताना नटाला जे येतं ते उपयोगी पडतं. सुकाणूवाला म्हणतो, "तयार?" जोडीदार जिबचा दोर हातात घेऊन म्हणतो, "तयार." मग "वळतो!" आणि सुकाणूचा दांडा शिडाच्या दिशेला. होडीचं तोंड वाऱ्यातून पार होईपर्यंत जिब सोडायचा नाही, पार होताच सोडून दुसऱ्या बाजूला खेचायचा. लवकर सोडला तर होडी वाऱ्याच्या तोंडावर अडकते, शिडं फडफडतात आणि ती मागे सरकू लागते. तेव्हा जिब हाताने उलट्या बाजूला धरून तोंड फिरवून घ्यायचं. हा सगळा क्यूचा, म्हणजे इशारा पकडण्याचा, खेळ आहे, आणि संवादाआधीचा श्वास ओळखणारे लोक तो दोन-तीन वळणांत पकडतात.

त्यांना जड जाते ती नजर. रंगमंचावर नट बोलतो त्याच्याकडे बघतो, किंवा प्रेक्षागृहाकडे. होडीत तो बोलताना जोडीदाराकडे वळतो, आणि तेवढ्यात होडी रेषा सोडते. नजर जिबच्या पुढच्या कडेवर हवी: ती थरथरली की होडी वाऱ्याला फार चढली, दांडा किंचित स्वतःकडे घ्या. बोलणं न बघता करायचं. हे अंगवळणी पडायला एक दुपार कमी पडते, पण सुरुवात तिथेच होते.

आवाजाचं तंत्रही उलटं. वाऱ्याविरुद्ध फेकलेला आवाज पोचत नाही आणि गळा मात्र सोलून निघतो. पुढे बसलेल्याने मागे ऐकू जावं म्हणून मान वळवून, उघड्या स्वरात एकच शब्द म्हणायचा. दूरच्या होडीला हाका मारायच्याच नाहीत. हाताच्या खुणा आधी ठरवायच्या. शुक्रवारी तीन अंक करायचे असतील तर मंगळवारची आरडाओरड महागात पडते. दर तासाला पाणी प्या, तहान लागो न लागो.

रात्री मुक्काम पुण्यातच. नटाने होडीवर जीव लावण्याची परंपरा मोठी आहे. हॉलिवूडचा नट हम्फ्री बोगार्ट १९१८ मध्ये अमेरिकन नौदलात भरती झाला, मग न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बराच काळ काम करत राहिला, आणि १९४५ मध्ये त्याने 'सांताना' ही ५५ फुटी शिडाची नौका विकत घेतली. चित्रीकरण नसेल तेव्हा तो तिच्यावर असे. आपल्या निर्मितिसंस्थेलाही त्याने तिचंच नाव दिलं. १९५७ च्या जानेवारीत तो गेला तेव्हा अंत्यप्रार्थनेत शवपेटीच्या जागी सांतानाची प्रतिकृती ठेवली होती. प्रसिद्धीच्या माणसाला पाण्यावर काय मिळतं हे यातून कळतं: तिथे टाळी नसते, आणि चूक लगेच दिसते.

बुधवार: ताम्हिणी ते दिघी

चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, दिघी. साडेचार ते पाच तास धरावेत. ताम्हिणीची वळणं पोटावर येणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि न्याहारी माणगावला करावी. मुळशीच्या पाण्याकडे बघताना धरणाविरुद्धचा १९२१ चा सत्याग्रह आठवावा, पण तिथे थांबून वेळ घालवू नये. दिघीहून गाडीसकट फेरीबोटीने आगरदांड्याला जाता येतं, तिथून जंजिऱ्याच्या होड्या सुटतात ते राजपुरी जवळच आहे.

संध्याकाळचं काम भरतीचा हिशेब. कोकणातला ठोकताळा असा: तिथीला पाऊणने गुणा, जे येईल ते भरतीचं घड्याळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून छापील कोष्टकाशी ताडून घ्यावं. ओहोटी त्यानंतर सहा तास बारा मिनिटांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी प्रवाह जोराचा होतो. पहिल्या समुद्रफेरीला सप्तमी-अष्टमीचा दिवस मिळाला तर उत्तम.

गुरुवार: राजपुरी ते जंजिरा

सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, दहा-अकरापर्यंत तो पडतो, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. मधली निर्वात वेळ टाळावी. नऊच्या आत राजपुरीच्या धक्क्यावर हजर राहिलं की जाताना मतलई मिळतो आणि किल्ल्यावर गर्दीही कमी असते.

इथल्या होड्या तिकोनी शिडाच्या. आखूड डोलकाठी, तिला टांगलेली लांब तिरपी काठी, आणि त्या काठीला बांधलेलं शीड. बूम नाही. खडकवासल्याहून आलेल्याने बसण्याआधी तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारून दोन गोष्टी नीट पाहाव्यात. काठी वर ओढणारा दोर कसा नेला आहे आणि किती जण ओढतात; इथे पुन्हा नाट्यगृहातला जड पडदा हातात आल्यासारखं वाटतं, एकाने ताल द्यायचा आणि बाकीच्यांनी त्या तालावर झोके द्यायचे. दुसरी गोष्ट वळण. एंटरप्राइज वाऱ्यातून तोंड काढून वळते. या शिडाची काठी डोलकाठीच्या एका बाजूला असते, म्हणून अशी होडी सहसा वाऱ्याला पाठ देऊन गोल फिरते आणि काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे नेतात. त्याला जागा लागते, माणसं लागतात, आणि त्या क्षणी प्रवाशांनी खाली बसून राहावं लागतं. उठून फोटो काढणाऱ्याला काठीचं खालचं टोक लागतं.

तांडेल फार बोलत नाही. सुकाणू पायाने किंवा कमरेने दाबून तो शिडाच्या कडेकडे बघत असतो, मंगळवारच्या शिकवणीतली तीच नजर. ती पंधरा मिनिटं नुसती बघत बसावीत. मदत करायची हौस असेल तर आधी विचारावं: "तांडेल, दोर धरू का?" न विचारता हात घातलेला कोणालाच आवडत नाही, रंगमंचावरही नाही.

किल्ल्याचा दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दरवाजाशी उतरताना होडी लाटेबरोबर दोन-अडीच फूट वर-खाली होते. होडी वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीही नाही. दोन्ही हात मोकळे, कॅमेरा पिशवीत. पायऱ्यांवर शेवाळ असतं. किल्ल्यात सिद्दींची सत्ता १९४८ पर्यंत टिकली, मराठ्यांना तो घेता आला नाही. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून वाट काढायचा प्रयत्न केला होता. तटावरून राजपुरीकडे पाहिलं की ते काम किती मोठं होतं याचा अंदाज येतो, आणि भरतीचा प्रवाह डोळ्यांनी पाहिल्यावर ते का टिकलं नसेल हेही समजतं. कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचे तलाव पाहायला तासभर पुरतो.

परतीला वारा पडला असेल तर होडी वल्ह्यांवर किंवा इंजिनावर येते. वेळ हातात ठेवावा. दुपारी दोनच्या आत राजपुरी सोडली तर अंधाराआधी ताम्हिणी पार होते.

शुक्रवार: प्रयोगाचा दिवस

सकाळी हातमोजे, बूट, जाकीट आणि स्वतःचे दोर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावेत. मीठ राहिलं की बकलं गंजतात आणि दोर कडक होतो. वाळवायचे ते सावलीत. चेहऱ्याला आदल्या चार दिवसांत चोपडलेलं सनस्क्रीन साबणाने दोनदा धुऊन काढावं. तेलकट थर राहिला तर रंगभूषा दिव्यांखाली सरकते. ओठ फाटले असतील तर दुपारपर्यंत तूप लावून ठेवावं आणि लाली लावण्याआधी पुसावं. गळ्यासाठी वाफ, कोमट पाणी, आणि संध्याकाळपर्यंत कमी बोलणं. कुजबुजणं मात्र नको, त्याने स्वरतंतूंवर उलट ताण येतो. काही जणांना जमिनीवरही डुलल्यासारखं वाटत राहतं. ते बहुधा एका दिवसात जातं. तोवर लेव्हलच्या पायऱ्या चढण्या-उतरण्याच्या जागा तिसऱ्या घंटेआधी एकदा चालून पाहाव्यात.